प्रवाळ बेटावर सागरी जीव पाहण्याची पूर्वतयारी: लेडी एलियट बेटासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेच्या अगदी दक्षिण टोकाला, बंडाबर्ग शहरापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर लेडी एलियट हे जेमतेम ४५ हेक्टरांचे प्रवाळ बेट आहे. मांटा (पाकटाच्या कुळातला प्राणी), कासवे आणि हंपबॅक देवमासे पाहण्यासाठी लोक तेथे जातात, आणि त्यांपैकी बरेच जण हवे ते न पाहताच परततात. याचा दोष समुद्राला देण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा तिकीट आधी काढलेले असते आणि कोणता जीव कधी दिसतो याची चौकशी नंतर होते. दुसरी चूक प्रत्यक्ष पाण्यात होते, ती म्हणजे प्राणी दिसताच त्याच्या दिशेने झेपावणे. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १: आधी जीव ठरवा, मग महिना

तेथील ऋतू आपल्या उलट असतात, हे सर्वांना ठाऊक असूनही बेत आखताना विसरले जाते. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना डोळ्यांपुढे उन्हाळा दिसत असतो. प्रत्यक्षात तेव्हा तेथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते आणि पाणी थंड होऊ लागलेले असते. त्या दिवसांत कासवांचा हंगाम संपलेला असतो आणि देवमासे अजून पोहोचायचे असतात.

मांटा वर्षभर दिसतात, पण त्यांची संख्या मे ते ऑगस्ट या थंड महिन्यांत अधिक असते. हंपबॅक देवमासे अंटार्क्टिकाकडच्या गार पाण्यातून उत्तरेकडे येतात ते साधारण जूनपासून, आणि ऑक्टोबरपर्यंत पिलांसह पुन्हा दक्षिणेकडे परततात. हरित कासवे आणि लॉगरहेड कासवे अंडी घालण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्यावर चढतात. अंड्यांना सुमारे दोन महिने लागत असल्याने पिले जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बाहेर पडताना दिसतात. समुद्रपक्ष्यांची वीण ऑक्टोबरपासून एप्रिलच्या आसपासपर्यंत चालते.

एकाच फेरीत सर्व काही पाहण्याचा हट्ट सोडावा. देवमासे आणि अंडी घालणारी कासवे एकाच आठवड्यात मिळण्याची शक्यता फार थोडी असते. निवड माझ्यावर सोपवली तर मी जानेवारीचा उत्तरार्ध सुचवेन, कारण त्या दिवसांत कासवांच्या माद्या अजून वर येत असतात आणि पहिल्या घरट्यांतली पिले बाहेर पडू लागलेली असतात. मात्र त्या काळात उकाडा फार असतो आणि चक्रीवादळांचाही तोच हंगाम असतो, हे गृहीत धरूनच बेत करावा.

*तपासणी: "मला मुख्यतः काय पाहायचे आहे?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले, तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.*

टप्पा २: महिन्यानंतर तिथी

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि त्याची किंमत बेटावर पोहोचल्यावर मोजतात. बेटाच्या पूर्वेकडचे लगून (प्रवाळाच्या आडोशाचे पाणी) इतके उथळ आहे की भरती असल्याशिवाय तेथे पोहता येत नाही. ओहोटीत तेथे पोहण्याचा प्रयत्न केला तर पोट आणि गुडघे प्रवाळावर घासतात, आणि त्यात शरीराइतकेच प्रवाळाचेही नुकसान होते. याउलट खडकावर चालून समुद्रकाकड्या, तारामासे, मोठे शिंपले पाहायचे असतील तर खोल ओहोटीच हवी. पश्चिमेकडचा दीपगृहाजवळचा किनारा खोल पाण्याला जवळ असल्याने तेथे वेळेचे बंधन थोडे सैल असते, तरी प्रवाहाचा वेग भरती-ओहोटीप्रमाणेच बदलतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. तेव्हा भरती उंच असते, ओहोटी खोलवर जाते आणि प्रवाहही जोरदार असतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची हालचाल मंद राहते. नवशिक्या पोहणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत. खडकावर चालणे हाच मुख्य हेतू असलेल्याने उधाणाचे दिवस निवडावेत. प्रवाळांचे सामूहिक प्रजनन पाहायचे असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्री हाती ठेवाव्या लागतात. बाहेरच्या रीफवर हे बहुधा नोव्हेंबर किंवा डिसेंबरमध्ये घडते, पण नेमकी रात्र कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

*इशारा: भरतीचे तक्ते पाहताना घड्याळ तपासावे. हे बेट ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जात नाहीत, पण सिडनी असलेल्या शेजारच्या न्यू साऊथ वेल्समध्ये केली जातात. सिडनीमार्गे आलेल्या माणसाचा फोन किंवा मनगटी घड्याळ एक तास पुढे राहिले, तर भरतीची वेळ तासाभराने चुकते. तक्ता त्याच बेटाचा आहे की मुख्य भूमीवरच्या एखाद्या बंदराचा आहे, हेही पाहून घ्यावे.*

टप्पा ३: निघण्यापूर्वीची तयारी

येथे तीन गोष्टींकडे खरोखर लक्ष द्यावे लागते. बाकी सामान सहसा सांभाळून घेता येते.

पहिली गोष्ट म्हणजे मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकासा श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क चिकटून राहिला तर तो चेहऱ्याला बसतो. घसरला तर पट्टा कितीही आवळला तरी त्यात पाणी शिरणारच. कडेखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी झिरपते, आणि मिशा असलेल्यांना हा त्रास हमखास होतो. मास्कमध्ये पाणी भरलेला माणूस घाबरतो, घाबरला की पाय खाली सोडतो, आणि पाय खाली सोडला की तो प्रवाळावर पडतो. प्रवाळाची मोडतोड बहुधा याच साखळीतून होते. म्हणून स्नॉर्केलमधून (तोंडात धरायच्या श्वासनळीतून) श्वास घेणे, मास्कमधले पाणी काढणे आणि पायांचा आधार न घेता पाण्यावर निवांत तरंगणे, या तिन्हींचा सराव तलावात किमान चार-पाच वेळा करून मगच निघावे.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगभर कपडे. पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण लांबीचा पोहण्याचा पोशाख घातला की सनस्क्रीन फक्त चेहरा, मान आणि हातांच्या पाठीपुरते लागते. पाण्यात जितके कमी रसायन जाईल तितके बरे, आणि पाठीची कातडी भाजण्याचा प्रश्नही सुटतो. हिवाळ्यात पाणी २० ते २२ अंशांपर्यंत उतरत असल्याने तेव्हा वेटसूट आवश्यक ठरतो. कुडकुडणारा माणूस अर्ध्या तासात बाहेर येतो, आणि मांटा पाहण्यासाठी तेवढा धीर पुरत नाही.

तिसरी गोष्ट परतीच्या विमानाची. या बेटावर प्रवासी छोट्या विमानाने येतात-जातात. सिलिंडर लावून बुडी मारल्यानंतर लगेच विमानात बसल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. एकच साधी बुडी असेल तर किमान १२ तास, आणि अनेक बुड्या असतील तर किमान १८ तास मध्ये जाऊ द्यावे लागतात. २४ तास ठेवणे अधिक शहाणपणाचे. परतीचे विमान सकाळचे असेल तर आदला पूर्ण दिवस बुडीविना घालवावा लागेल, हे तिकीट काढतानाच ध्यानात घ्यावे. नुसत्या स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही.

*तपासणी: हृदयविकार, दमा, फिट्स किंवा उच्च रक्तदाब असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि बेटावरच्या मार्गदर्शकांपासून काहीही लपवू नये. त्यांनी तरंगते जाकीट घालायला सांगितले तर ते घालावे. त्यात कमीपणा काही नाही.*

टप्पा ४: पाण्यात उतरणे

१. किनाऱ्यावर किमान दहा मिनिटे उभे राहून पाणी कोणत्या दिशेला वाहते ते पाहावे. तरंगत जाणाऱ्या पानावर नजर ठेवली तरी ते कळते.

२. बाहेर येण्याची जागा आधी ठरवावी, आत शिरण्याची जागा नंतर.

३. जोडीदार निश्चित करावा. गटासोबत आहोत म्हणजे जोडीदार आहे, असा समज करून घेऊ नये.

४. पायांत घालायचे पंखे (फिन्स) वाळूवर किंवा गुडघाभर पाण्यात चढवावेत आणि छातीइतक्या पाण्यात पोहोचताच आडवे व्हावे. त्यानंतर उभे राहायचे असेल तर स्वच्छ वाळू पाहूनच राहावे.

५. पहिली पाच मिनिटे कोठेही न जाता तरंगत राहावे. श्वास संथ झाला की मगच पुढे निघावे.

मांटा हा पाकटाच्या कुळातला प्राणी आहे, पण त्याच्या शेपटीला डंख मारणारा काटा नसतो. तोंडाच्या दोन्ही बाजूंना पालवीसारखे दोन लांबट पंख असतात. ते गुंडाळलेले असतील तर मांटा केवळ पुढे चाललेला असतो; ते पसरलेले आणि तोंड उघडे असेल तर तो प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खात असतो. एखाद्या ठरावीक खडकावर तो वारंवार घिरट्या घालत असेल, तर तेथे लहान मासे त्याच्या अंगावरचे परजीवी टिपत असतात. अशा जागेच्या नेमके वर जाऊन तरंगणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत नुकसानकारक चूक आहे. वर सावली पडली की मांटा निघून जातो आणि त्याच्या मागे रांगेत असलेले इतरही जातात. खडकापासून काही मीटर बाजूला, पृष्ठभागावर, पाय न हलवता थांबावे. निमुटपणे थांबलेल्या माणसाच्या जवळून मांटा अनेकदा स्वतःहून जातो. पाठलाग करणाऱ्याला त्याची शेपटी तेवढी दिसते, कारण पंखांची एक झेप आपल्या दहा लाथांना भारी पडते. त्याला स्पर्श करू नये, कारण त्याच्या अंगावरचा चिकट थर त्याचे जंतूंपासून रक्षण करतो.

पाण्यातल्या कासवाच्या बाबतीत एकच नियम पुरेसा आहे, आणि तो म्हणजे त्याच्या वर येण्याच्या वाटेत येऊ नये. कासवाला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. वर माणसांची गर्दी दिसली की ते श्वास न घेताच वळते. कपारीत विसावलेल्या कासवाजवळ बुडी मारून जाणे हेही त्याला उठवून लावण्यासारखेच आहे.

देवमाशापासून १०० मीटरच्या आत पाण्यात उतरण्यास ग्रेट बॅरियर रीफमध्ये कायद्याने मनाई आहे. आधीच पाण्यात असताना तो जवळ आला, तर हातपाय न झाडता हळूहळू दूर व्हावे. नर हंपबॅक गातात आणि त्यांचा आवाज पाण्यातून फार दूरवर जातो. त्या महिन्यांत साध्या स्नॉर्केलिंगच्या वेळीही डोके पाण्यात ठेवून क्षणभर श्वास रोखला, तर स्नॉर्केलमधली स्वतःची घरघर थांबते आणि कधी कधी तो आवाज ऐकू येतो. देवमासा दिसण्यापेक्षा ते मला अधिक भावले.

*इशारा: कॅमेरा हातात असलेला माणूस अंतर विसरतो. पहिल्या दिवशी कॅमेरा खोलीत ठेवावा.*

टप्पा ५: ओहोटीतल्या खडकावरची चाल

ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेच्या तास-दीड तास आधी निघावे आणि पाणी चढू लागताच परतावे. जाड तळव्याचे बूट घालावेत, हातात काठी ठेवावी आणि पाऊल वाळूच्या पट्ट्यांवर किंवा सपाट मृत खडकावर टाकावे. दगड उलटून पाहिल्यास तो पुन्हा तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात काही वेळातच मरतात. सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख कधीही हातात घेऊ नये. त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते. दगडमासा तर डोळ्यांना दगडासारखाच दिसतो, म्हणून अनवाणी चालण्याचा विचारही करू नये.

टप्पा ६: रात्रीचा किनारा

या टप्प्यावर सर्वाधिक गफलती होतात, आणि त्यांचे परिणाम प्राण्यालाच भोगावे लागतात.

प्रथम वेळ ठरवावी. बेटाभोवतीचा खडक ओहोटीत उघडा पडत असल्याने माद्या बहुधा भरतीच्या आगेमागे, अंधार पडल्यावर वर येतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यातला तक्ता येथे पुन्हा लागतो. शक्य असेल तेव्हा प्रशिक्षित मार्गदर्शकासोबतच जावे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर दिवा लावू नये. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढी दिली की चांदण्यात आणि ताऱ्यांच्या प्रकाशातही वाळूवरचा काळा आकार ओळखू येतो. वाळूच्या चढावर न फिरता भरतीच्या रेषेजवळून चालावे आणि ताजी खूण शोधावी. हरित कासव पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय एकदम टाकते, त्यामुळे त्याच्या खुणेत दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर येतात. लॉगरहेड एकाआड एक पाय टाकते, म्हणून तिचे ठसे मागेपुढे पडतात. वर गेलेली खूण आहे, पण परतीची नाही, तर कासव अजून वरच आहे, तेथेच थांबावे.

यापुढचा क्रम कासव ठरवते. ती आधी पुढच्या वल्ह्यांनी अंगापुरता खड्डा करते. मग मागच्या पायांनी, एकदा डावा आणि एकदा उजवा असे करत, सुरईसारखी खोल कुपी खणते. मागचा पाय ओंजळीसारखा वाकवून ती वाळू उचलते आणि कडेला अलगद ठेवते. हे सर्व मागे न बघता चालते. या दोन्ही अवस्थांत ती अत्यंत सावध असते. उजेड, आवाज किंवा समोर हललेली आकृती जाणवली तर ती काम अर्धवट सोडून समुद्रात परतते. अंडी पडू लागली की तिचे लक्ष सभोवतालवरून उडते. त्याआधी जवळ जाऊ नये, आणि नंतरही मार्गदर्शकाने खूण केल्यावर, मागच्या बाजूने, वाकून जावे. एका वेळी साधारण शंभर किंवा त्याहून अधिक अंडी पडतात. त्यानंतर ती वाळू लोटू लागते आणि वाळूचा मारा मीटरभर मागे येतो, म्हणून तेव्हा पुन्हा दूर व्हावे. तिच्या डोळ्यांतून ओघळणारे पाणी पाहून अनेकांना गलबलून येते. ते शरीरातले जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे काम आहे आणि ते समुद्रातही चालूच असते.

हीच मादी सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा येते आणि एका हंगामात असे अनेकदा घडते. मग पुढच्या हंगामापर्यंत काही वर्षे जातात. त्यामुळे हुसकावून लावलेली एक रात्र तिला महागात पडते.

पिलांचे नियम वेगळे आहेत. वाळू थंड झाली की ती झुंडीने बाहेर येतात आणि क्षितिजालगतच्या सर्वांत उजळ भागाकडे धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर तो समुद्र असतो. कोणी टॉर्च लावला, मोबाईलचा पडदा उजळला किंवा कॅमेऱ्याचा फोकस साधणारा लाल-नारिंगी दिवा चमकला, तर ती वळतात. माझ्यासमोर एकाने "फक्त वेळ पाहतो" म्हणून फोन उघडला आणि सात-आठ पिले पाण्यापासून चार हातांवर असताना त्याच्या चपलांकडे वळली. फोन बंद झाल्यावरही त्यांना पुन्हा दिशा सापडायला बराच वेळ गेला.

पिलांना उचलून पाण्यात सोडू नये. वाळूवरची ती धाव त्यांना जन्मकिनारा ओळखण्यास उपयोगी पडते, असे मानले जाते. मदत करायचीच असेल तर ती दिवसा करावी: मुलांनी खणलेले खड्डे बुजवावेत, वाळूचे किल्ले सपाट करावेत आणि खुर्च्या व टॉवेल उचलावेत. पावलांचा खोल ठसाही पिलाला दरीसारखा असतो.

*तपासणी: निघण्यापूर्वी फोन पूर्ण बंद, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि सहायक दिवा बंद, मनगटावरचे चमकणारे घड्याळ खिशात, कपडे गडद. खोलीचे पडदेही ओढलेले असावेत. पिलांची दिशा चुकवायला समुद्राकडे उघडणारी एक उजळलेली खिडकीही पुरते.*

टप्पा ७: पक्ष्यांच्या वसाहती

शिअरवॉटर हे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करतात आणि बिळाचे छत पावलाखाली सहज ढासळते, म्हणून आखलेल्या वाटा सोडू नयेत. रात्री त्यांचे रडण्यासारखे ओरडणे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मात्र हलकी झोप असणाऱ्याने कानात घालायचे बोळे न्यावेत. जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांवर बसलेला पक्षी उठला की उघडी पडलेली अंडी उन्हाने तापतात.

टप्पा ८: नोंद करणे

पाहिलेले जसेच्या तसे लिहून ठेवले तर ते संशोधनाला उपयोगी पडते. मांटाच्या पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकात निराळे असतात आणि त्यावरूनच २००७ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झालेल्या प्रोजेक्ट मांटा या प्रकल्पात एकेक मांटा ओळखला जातो. पृष्ठभागावरून पाठीचे कितीही फोटो काढले तरी ओळख पटत नाही. तो कोलांटी मारेल तेव्हा पोट दिसते, आणि तेवढ्या एका क्षणासाठी थांबावे लागते. फोटोसोबत तारीख, वेळ, जागा आणि भरतीची स्थिती लिहावी. विरंजित (रंग उडून पांढरे पडलेले) प्रवाळ, जखमी कासव किंवा एरवी न दिसणारा एखादा जीव आढळल्यास ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्कच्या आय ऑन द रीफ या ॲपवर नोंद करता येते. पांढरे पडलेले प्रत्येक प्रवाळ मेलेले नसते. त्यावर शेवाळ चढले आहे का, हेही लिहावे. कासवाच्या वल्ह्यावर धातूचा क्रमांक दिसला तर तो दुरून वाचता आला तरच टिपावा.

विमानात चढण्यापूर्वी खिसे आणि पिशव्या उलट्या करून पाहाव्यात. या पाण्यात मासेमारीला आणि शंख-प्रवाळ गोळा करण्याला बंदी आहे, आणि ती रिकाम्या शंखालाही लागू आहे. मुलांच्या बादलीतले रिकामे वाटणारे शंख ओहोटीच्या रेषेवर ओतून पाच मिनिटे थांबावे. त्यांपैकी एखाद्याला पाय फुटतात आणि संन्यासी खेकडा आपले घर घेऊन पाण्याकडे चालू लागतो.